चौऱ्याण्णवच्या खाली

नलू सिस्टर सकाळी आठला ड्यूटीवर आली की आधी थर्मामीटर झटकायची. मनगटातून तीन झटके, पारा तळाला जाईस्तोवर. मग स्पिरिटचा बोळा, मग वहीत तारीख. तिच्याइतकी टापटिपीची बाई त्या इस्पितळात दुसरी नव्हती, आणि ही गोष्ट इतरांपेक्षा तिलाच जास्त ठाऊक होती. अंगात येणं, नजर लागणं, उतारा टाकणं असलं काही कोणी काढलं की ती तोंडावर सांगायची, "बाई, मी आंजीची हाय. आमच्या गावात हे सगळं लय पाह्यलं. शेवटी सलाईनच लावा लागते."

वर्ध्याबाहेरच्या त्या ट्रस्टच्या इस्पितळात एमआरआयचं यंत्र आलं ते २००३ च्या दिवाळीनंतर. भिंतीत तांब्याची जाळी बसवलेली एक खोली, तिच्यात ते पांढरं धूड, मधोमध बोगदा आणि बोगद्यात आत-बाहेर सरकणारी अरुंद गादी. खोली बारा महिने थंडगार. मे महिन्यात सगळं वर्धा भाजून निघत असताना तिथला अटेंडंट डोमाजी स्वेटर घालून बसायचा. लोखंड आत न्यायची सक्त मनाई. पहिल्याच आठवड्यात डोमाजीच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा उडून यंत्राला चिकटला आणि तो ओढून काढायला तिघं लागले. तेव्हापासून डोमाजी यंत्राला 'साहेब' म्हणायला लागला.

मोठी माणसं त्या बोगद्यात निपचित पडून राहू शकतात. लहान पोरं कशी राहणार? म्हणून त्यांना भूल द्यायची. ते काम रीता मॅडमचं. मॅडम भूलतज्ज्ञ, नागपुरात शिकलेल्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. पोरांच्या तापमानाची वही ठेवायला नलूला त्यांनीच लावलं.

"भुलीत शरीर कुडकुडत नाही, नलू. त्यात खोली थंड. म्हणजे मूल गार पडणार. पण यंत्राच्या लहरींनी अंग थोडं तापतंही. दोन्हींत जिंकतं कोण, ते आपल्याला बघायचंय."

म्हणून आत जाण्याआधी काखेत पाच मिनिटं, बाहेर आल्यावर काखेत पाच मिनिटं. मधल्या पाऊण तासात काय होतं ते कळायला मार्ग नव्हता. आत चालेल असलं थर्मामीटर तेव्हा इस्पितळाकडे नव्हतंच. काचेपलीकडून पोराची पावलं तेवढी दिसायची, आणि यंत्राचे ठोके ऐकू यायचे, कोणीतरी बंद दार वाजवत राहावं तसे.

२००४ च्या जानेवारीत अल्लीपूरच्या शोभाबाई आपल्या स्वप्निलला घेऊन आल्या. पोरगं पाच वर्षांचं, झटके यायचे. त्या दिवशी त्याचा दुसरा नंबर. आत गेला तेव्हा ९७.८, बाहेर आला तेव्हा ९९. शोभाबाईंनी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"सिस्टर, हा ताप माह्या पोराचा नाई."

नलूला हसू आलं. "अवो, तापावर काय नाव लिहून राह्यते काय?"

"हसू नका. याले ताप आला का आधी याचे कान तापते. पाच वर्षं हेच पाहून राह्यली मी. कान पाहा, थंड हाय. हा कोणाचा तरी दुसऱ्याचा हाय."

दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि मायलेक गावी गेले. नलूने ही गोष्ट कँटीनमध्ये आठ दिवस रंगवून सांगितली. पुढे तिला ते हसणं फार लागलं, पण तेव्हा मात्र ती पोटभर हसली.

मे महिन्यात मॅडमना त्यांच्या निबंधासाठी तक्ता हवा होता, म्हणून नलू वहीतले आकडे कोऱ्या कागदावर उतरवायला बसली. कूलर घरघरत होता, बाहेर चिटपाखरू नव्हतं. बारा-तेरा ओळी झाल्यावर तिचा हात थांबला. ज्या दिवशी दोन मुलं असत त्या दिवशी पहिलं गार होऊन येई आणि दुसरं तापून. पहिलं ०.८ ने उतरलेलं, दुसरं ०.८ ने चढलेलं. १.४ ला १.४. स्वप्निलच्या आधी त्या दिवशी कोण होतं? हिंगणघाटच्या कापडवाल्यांची अपेक्षा, चार वर्षांची. तिचा आकडा पाहिला. ९७.६ वरून ९६.४.

नलूने बोटांवर वजाबाकी केली, मग कागदावर केली. पोरगी १.२ ने उतरली होती आणि स्वप्निल तेवढाच चढला होता.

ज्या दिवशी एकच मूल असे, त्या दिवशी ते नुसतं गार होऊन येई. तिने थर्मामीटर बदलून पाहिलं, घड्याळ समोर ठेवून पाहिलं, चूक आपलीच असू दे म्हणून मनोमन हात जोडले. चूक सापडली नाही. मग ती कागद घेऊन मॅडमकडे गेली.

"अठरा जोड्या आहेत," मॅडम म्हणाल्या. "अठराशे होऊ देत, मग बोलू. योगायोग असतात, नलू."

तिला बरं वाटलं. शिकलेल्या माणसाने योगायोग म्हटलं की जीव कसा भांड्यात पडतो.

जूनमध्ये अपेक्षाची आई पोरीला तपासणीला घेऊन आली. पोरगी बाकावर शहाण्यासारखी बसली होती, हातपाय न हलवता.

"भर उन्हाळ्यात हिच्याजवळ झोपलं का माठाले टेकल्यावानी वाटते जी," आई म्हणाली.

"खाते-पिते?"

"देल्लं तं खाते. पहिले भल्ली जिद्दी होती, भोकाड पसरे. आता कशाचंच काही नाई तिले."

नलूने थर्मामीटर लावलं. ९६.४. दुसऱ्या काखेत लावलं. ९६.४. पाच महिन्यांपूर्वी वहीत लिहिलेला आकडा जागचा हलला नव्हता. त्या दिवशी नलू डबा तसाच घरी घेऊन गेली.

त्यानंतर पहिल्या नंबरच्या पोरांचा उतार वाढतच गेला. एक अंश, दीड, दोन. मॅडमनी गरम पाण्याच्या पिशव्या आणवल्या, कापसाची वेष्टणं आणवली. तासाभरात पारा जागेवर यायचा आणि मॅडमचं समाधान व्हायचं. पण ती ऊब पिशवीची होती, पोराची नव्हती, हे नलूला कळत होतं. एकदा तिच्या तोंडून निघूनच गेलं, "मॅडम, पहिला नंबर बंद नाही करता येणार काय?"

मॅडम हसल्या. "पहिला बंद केला तर दुसरा पहिला होईल ना गं."

२००५ च्या ऑक्टोबरात नलूचा मुलगा आदेश सकाळी उठला की डोकं धरून ओकायला लागला. पाच वर्षांचं पोरगं, एकुलतं एक. बडबड्या इतका की त्याचा बाप नीलेश, एसटी डेपोत मेकॅनिक, त्याला 'ऑल इंडिया रेडिओ' म्हणायचा. बालरोगवाल्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, एमआरआय करा, उशीर नको. नागपूरचे सर्जन फिल्मची वाट पाहतील.

यादी आदल्या दिवशी नलूच लिहायची. लहानात लहान मूल आधी, हा नियम; कारण उपाशी राहणं लहानाला झेपत नाही. उद्या दोनच मुलं होती. एक आदेश. दुसरी रोहण्याची आचल, सात वर्षांची, आजोबांबरोबर आलेली. नियमाने आदेश पहिला.

नलू पेन धरून बसून राहिली. चहा गार झाला. मग तिने वर आचलचं नाव लिहिलं आणि खाली आदेशचं.

आपण काय करतोय ते तिला नीट कळत होतं. दुसऱ्याच्या पोरीच्या अंगची ऊब काढून आपल्या पोराच्या अंगात घालत होती ती. एक-दोन अंशांनी कोणी मरत नाही, असं तिने स्वतःला दहादा समजावलं आणि दहाही वेळा तिच्या डोळ्यांसमोर बाकावरची ती शहाणी अपेक्षा आली. पण नाव तिने बदललं नाही. आईच होती ती, दुसरं काय करणार होती?

"रोहण्याचे लोक आहेत, मॅडम," तिने सांगितलं. "गाडी चुकली तर आर्वीच्या स्टँडवर पडून राहतील. त्यांनाच आधी घेऊ."

मॅडमनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. "स्वतःचा मुलगा असताना दुसऱ्याचा विचार करतेस!"

वॉर्डात आचलच्या आजोबांनी, तानबांनी, दोन्ही हात जोडले. "तुमच्यावानी माणूस पाह्यलं नाई बाई. देव तुमच्या लेकराले काही कमी पडू देणार नाई." नलूला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

सकाळी आठला दोन्ही मुलं हिरवे झगे घालून तयार होती. आदेशचा करदोडा नलूनेच सोडला, त्यात चांदीचा मणी होता. मग रोजचा प्रश्न तिने तानबांना विचारला.

"पोरीनं काही खाल्लं-पेल्लं तं नाई ना?"

"नाई जी. काल रातीपासून पाण्याचा थेंब नाई."

आचलने ओठांवरून जीभ फिरवली. ओठांच्या कोपऱ्यात पांढरा कीस चिकटला होता.

"हे काय हाय?"

"ते प्रसाद हाय ना, बाई." म्हातारा खुशीत आला. "सकाळीच गेटाजवळच्या मारुतीले नारळ फोडला, तुमच्या आदेशच्या नावानं. तुम्ही आमचा नंबर आधी घेतला, म्हणलं आपुनही काही करावं. खोबरं अन् खडीसाखर तेवढी देल्ली तिले."

"आजोबा, काही खाऊ घालू नका म्हणून दहा डाव सांगतलं होतं तुम्हाले!"

"अवो, पण खाऊ कुठं घातलं? प्रसाद हाय तो."

त्याला तरी काय बोलणार? अर्ध्या जिल्ह्याने हेच केलं असतं. प्रसाद म्हणजे खाणं नव्हे, त्याने उपास मोडत नाही. पण भुलीत ते खोबरं उलटून श्वासनळीत गेलं तर पोरगी हातची जाते. मॅडमनी यादीवर काट मारली.

"आचलला पुढच्या आठवड्यात बोलवा. आदेशला घ्या."

"मॅडम, त्याला पण पुढच्या आठवड्यात घेऊ."

"दुपारी बारापासून यंत्र कंपनीच्या माणसाच्या ताब्यात जातंय, आठ दिवस बंद. आणि हा पहाटेपासून दोनदा ओकलाय. आठ दिवस थांबायचं?"

नलूने व्हरांड्यात नजर फिरवली. खोटं कशाला बोला, ती दुसरं मूल शोधत होती. कोणाचंही चाललं असतं. व्हरांड्यात म्हातारी माणसं बसली होती, एक गरोदर बाई होती, पोर एकही नव्हतं.

"कारण सांग, मी थांबवते," मॅडम म्हणाल्या.

बारा वर्षं ज्या तोंडाने ती लोकांच्या उताऱ्या-गंड्यांना हसली, त्या तोंडाने ती काय सांगणार होती?

"घ्या," नलू म्हणाली.

काखेत ९८.०. वहीत लिहिलं.

"आई, आत थंड लागते काय?" आदेशने विचारलं.

"नाई रे बाप्पा. थोडंसंच."

मास्क लागला. गादी आत सरकली. काचेतून त्याची पावलं दिसत राहिली.

पाऊण तास ठोके पडत राहिले. मग थांबले.

नलूने थर्मामीटर लावलं, पाच मिनिटं घड्याळाकडे पाहिलं आणि काढलं. पारा तळालाच होता. तिला वाटलं झटकून ठेवलेलं तसंच उचललं. दुसरं लावलं. मग तिसरं. थर्मामीटरवरची पहिली रेघ चौऱ्याण्णवची असते. पारा त्या रेघेपर्यंतही आला नाही.

नाडी चांगली होती. श्वास चांगला. ओठ गुलाबी.

मॅडमनी पिशव्या लावल्या, हीटर लावला, स्वतः तळपाय चोळले. दोन तासांनी पारा पंच्याण्णववर आला. पिशव्या काढल्या की पुन्हा खाली. आदेशने डोळे उघडले, आईकडे पाहिलं आणि छताकडे बघत पडून राहिला. पाणी मागितलं नाही, भूक म्हणाला नाही.

फिल्म स्वच्छ आली. डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं. ओकाऱ्याही त्या दिवसापासून बंद झाल्या. नीलेशने डेपोत पेढे वाटले. "पोरगं चांगलं हाय म्हणते डॉक्टर, आन् तू काऊन रडून राह्यली?"

त्याच दिवशी, कंपनीचा माणूस यायच्या आधी, चादर बदलताना डोमाजीने हाक मारली होती. "सिस्टर, इकडं या जरा. साहेबाची गादी गरम हाय."

त्या बर्फासारख्या खोलीत नलूने गादीवर हात ठेवला. डोक्याच्या जागी गरम. पाठीच्या जागी गरम. खाली दोन पायांच्या जागी गरम, मधली फट तेवढी थंड. तिने थर्मामीटर ठेवून वर चादरीची घडी टाकली आणि पाच मिनिटांनी काढलं.

९८.०.

कंपनीचा माणूस म्हणाला, खालची मोटर तापत असेल. मोटर बदलली. गादी तशीच राहिली. हळूहळू सगळ्यांना सवय झाली. म्हातारे पेशंट तर म्हणायचे, बरं वाटते पाठीले. आणि वहीतल्या जोड्या जुळणं त्या दिवसापासून बंद झालं. पुढची मुलं पहिली जावोत की दुसरी, थोडी गार व्हायची आणि आपोआप वर यायची, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. मॅडमचा निबंध पुरा झाला. काळजीचं कारण नाही, असा निष्कर्ष निघाला.

चार वर्षं गेली. आदेश शाळेत जायचा, यायचा, बसवलं तिथं बसायचा. मित्र आले तर खेळायचा, गेले तर थांबायचा. रेडिओ बंद पडला तो पडलाच. नऊचा झाला तरी सहाच्या पोराचे कपडे त्याला होत. नागपूरला दाखवलं, सेवाग्रामला दाखवलं, थायरॉइड पाहिलं, रक्त पाहिलं. नलूने दोनदा काहीतरी निमित्त काढून त्याला पुन्हा त्या गादीवर घातलं, दुसऱ्या नंबरवर, पुन्हा भूल देऊन. जसा आत गेला तसाच बाहेर आला.

आंघोळ घालताना त्याच्या पाठीला हात लागला की तिला शहारा यायचा. आपल्या पोटच्या पोराला आपण भितो, हे तिने नीलेशलाही सांगितलं नाही. रात्री तो झोपेत जवळ सरकला की ती भिंतीकडे सरकायची आणि मग उशीत तोंड घालून रडायची.

आणि रोज चार वाजता यादी संपली की चादर बदलायच्या निमित्ताने ती त्या खोलीत जायची आणि गादीवर हात ठेवायची. तो हात मात्र काढवत नसे. दिवसभरात तेवढीच दहा मिनिटं ती आई असायची. एकदा तिने ती ऊब विताने मोजली. पाच विती भरली. दोन वर्षांनी मोजली तर साडेपाच. २००९ च्या पावसाळ्यात सहा विती आणि वर चार बोटं.

डिसेंबरात नवीन यंत्र यायचं ठरलं. जुनं सोमवारी भंगारात जाणार होतं. रविवारी दुपारी नलू आदेशला घेऊन आली. डोमाजीने काही न विचारता दार उघडलं आणि बाहेर स्टुलावर जाऊन बसला. यंत्र मुकं उभं होतं. नलूने आदेशचा पट्टा काढला, करदोडा सोडला.

"झोप यावर. भूल-बिल काही नाई आज. जागाच राह्यजो."

आदेश गादीवर चढला आणि अगदी कडेला, अंग चोरून झोपला. नलू शेजारी उभी राहून वाकली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. त्याचा हात गारच होता.

"इतका कडेला काऊन? मधात सरक."

"जागा नाई."

"हाय ना रे एवढी."

आदेशने मान वळवून शेजारी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हळू आवाजात काहीतरी पुटपुटला.

"कोणाशी बोलून राह्यला?"

"याले सरक म्हणलं. मले थंडी वाजते म्हणलं."

चार वर्षांत थंडी वाजते हे शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघत होते. नलू आणखी खाली वाकली.

"मग?"

"सरकत नाई. तू सांग त्याले. तुह्यं आयकते तो. तो तुले आई म्हणून राह्यला."

नलूने खाली पाहिलं. तिचा उजवा हात केव्हापासून थोपटत होता. आदेशला नाही, त्याच्या शेजारच्या मोकळ्या गादीला.